जेनेरिक संग्रह आणि अव्यक्त प्रकाररूपांतर : स्थिर प्रकारबद्ध संगणकभाषांतील एक चिकित्सा

सारांश

स्थिर प्रकारबद्ध संगणकभाषांत एका प्रकारचे मूल्य दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा आपोआप रूपांतरित होते. मात्र त्याच मूल्यांचा संग्रह तसा आपोआप रूपांतरित होत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा नियम अनेकदा कंपायलरचा हट्ट वाटतो. प्रस्तुत लेखात जावा, सी-शार्प, स्काला, कोटलिन आणि स्विफ्ट या भाषांच्या आधारे या नियमामागील कारणांचे विवेचन केले आहे. घटकाचे रूपांतर सुरक्षित असले तरी संग्रहाचे रूपांतर सुरक्षित आहे की नाही, हे तीन बाबींवर अवलंबून असते : संग्रहात लेखन करता येते का, घटकांचे स्मृतीतील रूप बदलते का, आणि रूपांतरातून मूळ संग्रहच मिळतो की त्याची प्रत. हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रकारव्यवस्था, जेनेरिक संग्रह, अव्यक्त रूपांतर, सहचलता, प्रतिचलता, अचलता.

१. प्रस्तावना

संगणकाच्या स्मृतीत अक्षर, संख्या, चित्र, नाव हे सारे शेवटी शून्य आणि एक यांच्या मालिकेच्याच रूपात असते. त्या मालिकेचा अर्थ कोणता लावावयाचा हे ‘प्रकार’ ठरवितो. ज्या भाषांत प्रत्येक पदाचा प्रकार आज्ञावली चालू होण्यापूर्वीच निश्चित होतो आणि कंपायलर तो तपासतो, त्या भाषांना स्थिर प्रकारबद्ध भाषा म्हणतात. जावा, सी-शार्प, स्काला, कोटलिन व स्विफ्ट या त्यांपैकी बहुप्रचलित भाषा होत. या व्यवस्थेचा लाभ असा की, चूक वापरकर्त्याच्या समोर उघडी पडण्याआधी प्रोग्रामरच्या पुढ्यात येते.

तथापि प्रत्येक रूपांतर प्रोग्रामरने लिहूनच दाखवावे असा आग्रह धरल्यास आज्ञावली लिहिणे कष्टप्रद होईल. म्हणून भाषा काही रूपांतरे न सांगता करून देते. यांस अव्यक्त रूपांतरे म्हणतात. ३२ बिटांची पूर्णांक संख्या ६४ बिटांच्या चलात ठेवली, तर जावा किंवा सी-शार्पचा कंपायलर तक्रार करीत नाही. ‘ज्वारी’ हा ‘धान्य’ या वर्गाचा उपवर्ग असेल, तर जेथे धान्य अपेक्षित आहे तेथे ज्वारी बिनदिक्कत देता येते.

प्रश्न उद्भवतो तो यानंतर. ज्वारी हे धान्य आहे, मग ज्वारीची यादी ही धान्याची यादी का नव्हे? पूर्णांक ६४ बिटांच्या संख्येत सामावतो, मग पूर्णांकांची यादी ६४ बिटांच्या संख्यांच्या यादीत का सामावत नाही? जावाचा कंपायलर ही दोन्ही विधाने नाकारतो. या नकाराची कारणे समजून घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. अव्यक्त रूपांतराचे तीन वर्ग

विवेचनाच्या सोयीसाठी अव्यक्त रूपांतरांचे तीन वर्ग करता येतील.

(अ) उपप्रकारावर आधारित रूपांतर : ज्वारीची वस्तू धान्याच्या चलात ठेवली असता वस्तूत काहीही बदल होत नाही. तीच वस्तू, त्याच स्मृतिस्थानी राहते, केवळ तिच्याकडे पाहण्याची दृष्टी व्यापक होते. या रूपांतरास संगणकाला काहीही कष्ट पडत नाहीत.

(आ) रूप बदलणारे रूपांतर : ३२ बिटांची संख्या ६४ बिटांची होते तेव्हा नवे मूल्य तयार होते. साध्या पूर्णांकाचे वस्तूत रूपांतर होते, ज्यास बॉक्सिंग म्हणतात, तेव्हाही स्मृतीतील रूप पालटते.

(इ) प्रोग्रामरने घोषित केलेले रूपांतर : सी-शार्प, स्काला यांसारख्या भाषांत दोन स्वतंत्र प्रकारांमधील रूपांतराची पद्धत प्रोग्रामर स्वतः लिहू शकतो आणि कंपायलर योग्य जागी ती आपणहून वापरतो.

एकट्या मूल्याच्या बाबतीत हे तीनही वर्ग लिहिणाऱ्यास सारखेच भासतात, कारण आज्ञावलीत तिन्ही ठिकाणी साधे मूल्यदानाचे चिन्ह असते. संग्रहाच्या बाबतीत मात्र त्यांच्यातील भेद निर्णायक ठरतो.

३. अ‍ॅरेचा धडा

जावाची पहिली आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात जेनेरिक प्रकार नव्हते. अशा स्थितीत कोणत्याही वस्तूंच्या अ‍ॅरेवर चालणारी एकच सामान्य पद्धत लिहावयाची तर ज्वारीचा अ‍ॅरे हा धान्याचा अ‍ॅरे, किंबहुना कोणत्याही वस्तूंचा अ‍ॅरे, मानणे भाग होते. जावाने तसे मानले. घटकांमधील उपप्रकाराचे नाते त्याच दिशेने संग्रहाला लागू होण्याच्या या गुणधर्मास कोव्हेरियन्स म्हणतात. येथे त्यासाठी ‘सहचलता’ हा शब्द योजिला आहे.

यातील धोका एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. ज्वारीने भरलेल्या कणगीवर कोणी ‘धान्य’ अशी चिठ्ठी लावली. चिठ्ठी खोटी नाही, कारण ज्वारी धान्यच आहे. आतील धान्य काढून घेणाऱ्याची फसगत होत नाही. परंतु चिठ्ठी वाचून दुसऱ्या कोणी तीत तांदूळ ओतले, तर त्याचेही काही चुकले असे म्हणता येत नाही, कारण तांदूळसुद्धा धान्यच. फसगत होते ती कणगीच्या मूळ मालकाची. तो ज्वारी समजून दळायला काढतो आणि हाती येतात तांदूळ.

जावातील घडामोड नेमकी अशीच आहे. ज्वारीचा अ‍ॅरे धान्याच्या अ‍ॅरेच्या चलात ठेवता येतो. त्या चलाद्वारे तांदळाची वस्तू अ‍ॅरेत ठेवण्याची आज्ञाही कंपायलर मान्य करतो. मात्र प्रत्येक अ‍ॅरेला आपल्या घटकांचा खरा प्रकार ठाऊक असतो. म्हणून आज्ञावली चालू असताना तांदूळ आत शिरण्याच्या क्षणी ‘अ‍ॅरे-स्टोअर-एक्सेप्शन’ हा अपवाद उद्भवतो व काम थांबते. स्मृतीची शुद्धता राखली जाते, पण त्यासाठी दोन किमती मोजाव्या लागतात. एक, संदर्भप्रकारांच्या अ‍ॅरेत लेखन करताना प्रकाराची तपासणी आवश्यक होते. दोन, जी चूक कंपायलरने पकडावयास हवी होती, ती आज्ञावली चालू होईपर्यंत लांबणीवर पडते. २००२ साली आलेल्या सी-शार्पनेही अ‍ॅरेच्या बाबतीत हाच मार्ग स्वीकारला. तेथील अपवादाचे नाव ‘अ‍ॅरे-टाइप-मिसमॅच-एक्सेप्शन’ असे आहे.

२०१२ साली मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या टाइपस्क्रिप्टमध्येही अ‍ॅरे सहचल आहेत. तेथे भाषेने दिलेले प्रकार आज्ञावली चालू असताना अस्तित्वातच नसतात. त्यामुळे लेखनाच्या क्षणीची तपासणीसुद्धा होत नाही आणि तांदूळ निमूटपणे ज्वारीच्या कणगीत जाऊन बसतात.

४. जेनेरिक प्रकारांचे आगमन आणि अचलतेचा निर्णय

जावाला जेनेरिक प्रकारांची जोड देण्याचा एक महत्त्वाचा प्रस्ताव गिलाड ब्राखा, मार्टिन ओडर्स्की, डेव्हिड स्टाउटामायर आणि फिलिप वॉडलर यांनी १९९८ साली ‘जीजे’ या नावाने मांडला. त्याच धर्तीवरील रचना २००४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीत समाविष्ट झाली. आता यादी कशाची आहे हे प्रकारातच नमूद करता येऊ लागले.

या वेळी मात्र अ‍ॅरेचा कित्ता गिरविण्यात आला नाही. ज्वारीची यादी आणि धान्याची यादी यांमध्ये उपप्रकाराचे कोणतेही नाते नाही, असे ठरले. यास ‘अचलता’ म्हणता येईल. यामागे सुरक्षिततेच्या तत्त्वाबरोबर एक तांत्रिक अपरिहार्यताही होती. जुन्या आज्ञावली नव्या आज्ञावलींसोबत चालत राहाव्यात म्हणून जावाने ‘टाइप इरेजर’ म्हणजे प्रकारलोपाचे धोरण स्वीकारले. त्यानुसार तपासणी उरकल्यावर कंपायलर घटकाच्या प्रकाराची खूण पुसून टाकतो. चालू आज्ञावलीत ज्वारीची यादी आणि तांदळाची यादी या दोन्ही केवळ ‘यादी’ असतात. अ‍ॅरेप्रमाणे लेखनाच्या क्षणी तपासणी करावयाची तर त्यासाठी लागणारी माहितीच उरलेली नसते. दारावरचा पहारेकरी काढून घेतल्यावर वेशीवरची तपासणी कडक करावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

ही तपासणी चुकविल्यास काय होते याचे उदाहरणही जावातच मिळते. जुन्या पद्धतीची, घटकाचा प्रकार न सांगितलेली यादी जावा अद्याप स्वीकारते. ज्वारीची यादी अशा यादीच्या चलात ठेवून तीत तांदूळ घातल्यास कंपायलर केवळ इशारा देतो. लेखनाच्या वेळी कोणताही अपवाद उद्भवत नाही. पुढे केव्हातरी, कदाचित आज्ञावलीच्या अगदी दुसऱ्या भागात, कोणी त्या यादीतून ज्वारी म्हणून घटक काढतो आणि तेथे ‘क्लास-कास्ट-एक्सेप्शन’ उद्भवतो. चूक एकीकडे आणि तिचा आरोप दुसरीकडे, अशी ही अवस्था असते. शोधकार्यास सर्वांत जास्त वेळ लागतो तो अशाच दोषांना.

५. वाचन, लेखन आणि रूपांतराची दिशा

संपूर्ण अचलता सुरक्षित असली तरी गैरसोयीची आहे. धान्याच्या यादीचे एकूण वजन काढणारी पद्धत ज्वारीच्या यादीवर चालू नये, यात तर्कसंगती नाही. कणगीचा दृष्टान्त पुन्हा पाहिल्यास उपाय ध्यानात येतो. चिठ्ठी बदलल्याने अनर्थ झाला तो धान्य काढताना नव्हे, ओतताना. म्हणजेच ज्या संग्रहातून केवळ वाचन होते, त्याच्या बाबतीत सहचलता निर्धोक आहे. याउलट, ज्यात केवळ लेखन करावयाचे आहे, तेथे नाते उलट दिशेने चालते : ज्याला ज्वारी ठेवण्यासाठी जागा हवी आहे, त्याला कोणतेही धान्य सामावणारी कणगी चालते. यास काँट्राव्हेरियन्स, म्हणजे ‘प्रतिचलता’ म्हणतात.

जावाने हे तत्त्व ‘वाइल्डकार्ड’च्या रूपाने स्वीकारले. येथे निर्णय वापराच्या ठिकाणी होतो. एखादी पद्धत ‘धान्य किंवा त्याचा कोणताही उपप्रकार’ यांची यादी मागते तेव्हा तिला ज्वारीची यादी अव्यक्तपणे देता येते, परंतु त्या यादीत रिक्त मूल्याखेरीज काही घालण्यास कंपायलर मनाई करतो. ‘ज्वारी किंवा तिचा कोणताही पूर्वप्रकार’ यांची यादी मागितल्यास तीत ज्वारी घालता येते, मात्र वाचताना घटकाविषयी ‘वस्तू’ यापलीकडे काही गृहीत धरता येत नाही. एका यादीतून दुसऱ्या यादीत घटक नक्कल करणारी जावाच्या ग्रंथालयातील ‘कॉपी’ ही पद्धत दोन्ही नियमांचा एकत्र वापर करते : स्रोत सहचल, लक्ष्य प्रतिचल.

सी-शार्पने २०१० सालच्या चौथ्या आवृत्तीत वेगळी वाट निवडली. तेथे निर्णय इंटरफेस घोषित करतानाच होतो. ज्या इंटरफेसमधून घटक केवळ बाहेर येतात त्याच्या प्रकारचलास ‘आउट’, आणि ज्यात ते केवळ आत जातात त्यास ‘इन’ असे चिन्हांकित केले जाते. कंपायलर सर्व पद्धती तपासून त्या खुणेची सत्यता पडताळतो. क्रमाने घटक देणारा ‘आय-एन्युमरेबल’ हा इंटरफेस ‘आउट’ असल्याने ज्वारीची यादी धान्याच्या अशा क्रमाच्या जागी चालते. ‘लिस्ट’ हा वर्ग मात्र वाचन आणि लेखन दोन्ही करतो, म्हणून तो अचलच राहिला. २०१६ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या कोटलिनने हाच विचार संग्रहांच्या नावांतच उतरविला. तेथे ‘लिस्ट’ ही केवळ वाचनाची आणि सहचल, तर ‘म्युटेबल-लिस्ट’ ही लेखनक्षम आणि अचल आहे.

स्कालातील अपरिवर्तनीय यादी या तत्त्वाचे अधिक शुद्ध रूप दाखविते. ज्वारीच्या यादीला तांदूळ जोडल्यास मूळ यादी तशीच राहते आणि एक नवी यादी निर्माण होते, जिचा प्रकार कंपायलर ‘धान्याची यादी’ असा ठरवितो. जे बदलतच नाही त्यात भेसळ होण्याचा प्रश्नच उरत नाही.

६. संख्यांच्या संग्रहाचा वेगळा प्रश्न

यावरून असे वाटेल की वाचनापुरता संग्रह असला म्हणजे कोणतेही रूपांतर शक्य आहे. ते तसे नाही. सी-शार्पमध्ये पूर्णांकांचा वाचनापुरता क्रम ६४ बिटांच्या संख्यांच्या क्रमाच्या जागी चालत नाही, इतकेच नव्हे तर तो सामान्य ‘वस्तूं’च्या क्रमाच्या जागीही चालत नाही. कारण स्मृतीच्या मांडणीत आहे. दहा लाख पूर्णांकांचा अ‍ॅरे घटकांसाठी सुमारे ४० लाख बाइट व्यापतो. तितक्याच ६४ बिटांच्या संख्यांना ८० लाख बाइट लागतात. चार-चार बाइटांची मांडणी आठ-आठ बाइटांची समजून वाचल्यास दोन शेजारी संख्या मिळून एक निरर्थक संख्या हाती येईल. येथे चिठ्ठी बदलून भागत नाही, प्रत्येक घटक उचलून नव्याने घडवावा लागतो. म्हणून सी-शार्पची सहचलता केवळ संदर्भप्रकारांना लागू आहे, आणि प्रोग्रामरने घोषित केलेली रूपांतरेही संग्रहाच्या पातळीवर आपोआप चढत नाहीत.

याच ठिकाणी ‘कास्ट’ या पद्धतीविषयी गैरसमज होतो. पूर्णांकांच्या क्रमावर ती ६४ बिटांच्या संख्येसाठी लावल्यास कंपायलर काहीच म्हणत नाही, परंतु घटक वाचू लागताच ‘इनव्हॅलिड-कास्ट-एक्सेप्शन’ उद्भवतो. बॉक्स केलेला पूर्णांक पूर्णांक म्हणूनच उघडता येतो. येथे प्रत्येक घटकाचे रूपांतर ‘सिलेक्ट’ पद्धतीने स्पष्टपणे लिहिणे हाच मार्ग आहे.

अव्यक्त रूपांतर आणि संग्रह यांची गाठ पडून अपवादही न येता उत्तर चुकावे, अशीही उदाहरणे आहेत. समजा, एखाद्या परीक्षा विभागाच्या जावा आज्ञावलीत उपस्थित विद्यार्थ्यांचे आसनक्रमांक ६४ बिटांच्या ‘लाँग’ वस्तूंच्या संचात ठेवले आहेत आणि शोधताना दिलेला क्रमांक ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात आहे. संचाची ‘कंटेन्स’ ही पद्धत कोणतीही वस्तू स्वीकारते. त्यामुळे दिलेला पूर्णांक अव्यक्तपणे ‘इंटिजर’ वस्तूत बॉक्स होतो. ‘इंटिजर’ आणि ‘लाँग’ या वस्तू संख्या एकच असूनही समान गणल्या जात नाहीत. परिणामी उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते आणि उपस्थित असलेला प्रत्येक विद्यार्थी अनुपस्थित ठरतो. हाच पूर्णांक संचात घालू पाहिल्यास मात्र कंपायलर तत्काळ अडवितो, कारण ‘अ‍ॅड’ या पद्धतीस घटकाचा नेमका प्रकार लागतो. एकाच संचाच्या दोन दारांवरील तपासणीतील हा फरक प्रोग्रामरच्या सहज ध्यानात येत नाही.

एकट्या मूल्याचे अव्यक्त रूपांतरही नेहमी निर्दोष असते असे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. जावात ३२ बिटांचा पूर्णांक तितक्याच बिटांच्या ‘फ्लोट’ संख्येत आपोआप जातो. पण १,६७,७७,२१७ ही संख्या तेथे १,६७,७७,२१६ होते, कारण फ्लोटमध्ये अंकांसाठी २४ बिटांचीच अचूकता आहे. असे रूपांतर संपूर्ण संग्रहावर न सांगता होऊ लागले, तर एका संख्येची चूक लाखो संख्यांत शिरेल आणि तिचा मागमूसही लागणार नाही.

७. ग्रंथालयाने दिलेली रूपांतरे : स्कालाचा अनुभव

मार्टिन ओडर्स्की यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे विकसित केलेली स्काला ही भाषा जावाच्याच आभासी यंत्रावर चालते. तिचे स्वतःचे संग्रह आहेत, परंतु जावाच्या ग्रंथालयांशी व्यवहार करताना जावाचे संग्रह घ्यावे-द्यावे लागतात. ही ये-जा सुलभ व्हावी म्हणून २०१० सालच्या २.८ आवृत्तीत ‘जावा-कन्व्हर्जन्स’ हा घटक देण्यात आला. तो आयात केला की जावाची यादी स्कालाच्या संग्रहाच्या जागी आणि स्कालाचा संग्रह जावाच्या जागी आपोआप चालू लागे.

सोय मोठी होती, पण तिची उलट बाजू लवकरच दिसली. आज्ञावली वाचणाऱ्यास समोरचा संग्रह कोणत्या बाजूचा आहे आणि कोठे रूपांतर घडले, हे कळेनासे झाले. शिवाय ही रूपांतरे प्रत करीत नसत, मूळ संग्रहावर केवळ आवरण चढवीत. त्यामुळे एका बाजूने केलेला बदल दुसऱ्या बाजूस उमटे. स्कालाची अपरिवर्तनीय यादी जावाच्या यादीच्या रूपात गेल्यावर तीत घटक घालण्याची आज्ञा कंपायलरला मान्य असे. मात्र आज्ञावली चालू असताना ‘अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन’ येई, कारण जावाचा यादीचा प्रकार वाचनापुरती आणि लेखनक्षम असा भेद करीत नाही.

यावर उपाय म्हणून दुसरा घटक आला. त्यात रूपांतर तेच, आवरणही तेच, फक्त प्रोग्रामरने ‘अ‍ॅज-स्काला’ किंवा ‘अ‍ॅज-जावा’ असा शब्द लिहिणे आवश्यक झाले. अव्यक्त रूपांतराचा जुना घटक २०१६ साली २.१२ आवृत्तीत त्याज्य ठरविण्यात आला आणि २०१९ साली २.१३ आवृत्तीतून वगळण्यात आला. त्याआधी २०१३ सालच्या २.१० आवृत्तीपासूनच अव्यक्त रूपांतर घोषित करणाऱ्यास विशेष अनुमती आयात न केल्यास कंपायलर इशारा देऊ लागला होता. २०२१ सालच्या स्काला ३ मध्ये अशा रूपांतरांसाठी ‘कन्व्हर्जन’ हा स्वतंत्र प्रकार आणण्यात आला. अव्यक्त रूपांतरांचा सर्वाधिक उदारपणे वापर करणाऱ्या भाषेनेच अनुभवांती ती आवरती घेतली, ही बाब लक्षणीय आहे.

२०१४ साली अ‍ॅपलने प्रसिद्ध केलेल्या स्विफ्टचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. स्विफ्टमध्ये ज्वारीचा अ‍ॅरे धान्याच्या अ‍ॅरेत आपोआप रूपांतरित होतो आणि तो लेखनक्षमही असतो, तरीही जावातील संकट तेथे उद्भवत नाही. स्विफ्टचा अ‍ॅरे हा मूल्यप्रकार असल्याने दुसऱ्या चलात जाताच तो स्वतंत्र प्रतीसारखा वागतो. नव्या अ‍ॅरेत तांदूळ घातले तरी मूळ अ‍ॅरेत ज्वारीच राहते. ही सवलत मात्र भाषेने आपल्या अंगभूत संग्रहांपुरती ठेवली आहे. प्रोग्रामरने घडविलेले जेनेरिक प्रकार स्विफ्टमध्ये अचलच असतात.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घटकांमधील रूपांतराचे नाते संग्रहाला आपोआप लागू होत नाही. ते लागू करावयाचे की नाही, आणि कोणत्या दिशेने, हे संग्रहावर होणाऱ्या क्रियांवरून ठरते. केवळ वाचन असल्यास सहचलता, केवळ लेखन असल्यास प्रतिचलता आणि दोन्ही असल्यास अचलता हा सुरक्षित नियम होय.

२) घटकाचे स्मृतीतील रूप बदलत असेल, तर संग्रहाचे रूपांतर हे केवळ दृष्टीचे रूपांतर न राहता प्रत्यक्ष काम होते. त्यास वेळ व स्मृती लागते. म्हणून ते आज्ञावलीत दिसणे इष्ट आहे.

३) रूपांतरातून प्रत मिळते की मूळ संग्रहावरील आवरण, हे जाणल्याशिवाय त्या संग्रहात लेखन करू नये. स्विफ्टच्या अ‍ॅरेची सुरक्षितता प्रतीत आहे. स्कालाच्या जुन्या रूपांतरांतील बरीच अडचण अदृश्य आवरणात होती.

४) चूक नाहीशी करणारी प्रकारव्यवस्था कोणतीही नाही. चूक केव्हा आणि कोणासमोर उघड व्हावी, एवढेच ती ठरविते. कंपायलरने अडविल्यास ती काही क्षणांत दुरुस्त होते, लेखनाच्या क्षणी अपवाद आल्यास तिचे स्थान तरी कळते, वाचनाच्या वेळी उघड झाल्यास मूळ शोधावे लागते, आणि संचातील शोधासारखी मूक राहिल्यास ती चुकीच्या निकालपत्रकापर्यंत पोहोचते.

या दृष्टीने पाहिल्यास ज्वारीची यादी धान्याची यादी म्हणून स्वीकारण्यास नकार देणारा कंपायलर हटवादी ठरत नाही. त्या यादीत पुढे कोणी काय घालणार आहे हे त्यास ठाऊक नसते, आणि त्याचा नकार हा वस्तुतः तेवढाच प्रश्न असतो. प्रोग्रामरने वाचनापुरत्या प्रकाराची निवड करून, प्रत घेऊन किंवा रूपांतर स्पष्ट लिहून त्या प्रश्नाचे उत्तर दिले, म्हणजे तोच कंपायलर ते मान्य करतो. अध्यापन करताना ‘हे चालत नाही’ असा नियम सांगण्याऐवजी हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास विषयाचे आकलन अधिक दृढ होईल.